चाळीसचा दिवा

लिलीला परक्यांच्या बोलण्याला कान द्यायची खोड नव्हती, पण वीजबिलाची रांग हलेना आणि पुढ्यात गिरीज गावचे दोन म्हातारे बोलत होते.

"बॅप्टिस्ट, तू हिशेबात पक्का. चाळीस वॅटचा दिवा किती जाळतो रे?"

"रोज पाच तास लावलास, तर महिन्याला सहा युनिटं."

"एवढंच?"

"मग काय तर. का रे, सॅन्टन?"

"आमच्या थेरेसाला आता सुईत दोरा ओवता येत नाही. इतकी वर्षं रात्रीची शिवायची, चाळीसचा मागायची, पण मी पंधराचाच दिवा लावू दिला. बिल वाढेल म्हणून."

"मग आता मोठा लाव."

"लावला ना काल. शंभरचा."

"बरं वाटलं असेल तिला."

"त्याच्याखालीच बसली होती. मला विचारते, लाईट गेलीय का ओ?"