सोऱ्याची साक्ष

छप्पन्न सालचा जानेवारी. पिंपरी स्टेशनवर लोणावळ्याची गाडी उशिरा येणार होती. बाकावर माझ्या शेजारी दोघी ख्रिस्ती बाया मांडीवर बायबलच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या.

"एस्तेर, तू रविवारपासून माझ्याशी बोलत नाहीस."

"काय बोलू, सगुणा? उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिलीस आणि म्हणालीस, नाताळात माझा चकलीचा सोऱ्या नेऊन परत न देणाऱ्या बहिणीला मी क्षमा केली."

"नाव कुठं घेतलं मी?"

"नाव कशाला लागतं? सगळी मंडळी माना वळवून माझ्याकडं बघत होती. आणि सोऱ्या मी दुसऱ्याच दिवशी धुऊनपुसून तुझ्या हातात दिला होता."

"दिला होतास. पिठाच्या डब्यामागं सापडला. मीच ठेवला होता. चुकलं माझं."

"जाऊ दे. विसरतं माणूस. कधी सापडला?"

"मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात कधी?"

"शनिवारी."

"म्हणजे साक्षीच्या आदल्या दिवशी?"

"आठवडाभर पाठ केली होती गं. इतकी छान जमली होती. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"काय बाई तरी तू."

"हसतेस काय? प्रार्थना करून करून माझे गुडघे दुखायला लागले. क्षमा केलीस का नाही, तेवढं सांग."

"केली."

"मनापासून?"

"अगदी मनापासून. येत्या रविवारी उभी राहून सांगणारच आहे सगळ्यांना."

"एस्तेर, माझं नाव घेऊ नकोस हं."

"छे. एक बहीण, एवढंच म्हणेन."