जागा ठीक

डॉक्टर : ...उजव्या हाताच्या पाठीवर, सलाइनच्या जागी, सौम्य सूज. पुढे लिहा...

सिस्टर : थांबा. ‘सौम्य’ नाही लिहिलं मी.

डॉक्टर : का?

सिस्टर : पेन अडलं.

डॉक्टर : सिस्टर, सव्वा वाजलाय. माझा अर्धा राउंड राहिलाय, जेवणाचा पत्ता नाही. पहिल्यापासून घ्या. काचपेटी नंबर तीन, मुलगी, वय नऊ दिवस, वजन अकराशे ग्रॅम. सौम्य सूज. पूर्णविराम.

सिस्टर : रबरी हातमोज्यात पाणी भरावं तसा हात फुगलाय तिचा. मधोमध पांढराफटक, कडेनं जांभळा, वर तीन फोड. पट्टी सोडली तर ओलीचिंब. सलाइनमधली साखर, डॉक्टर. तीनदा साबण लावला तरी माझी बोटं एकमेकांना चिकटतायत. आणि म्हणे सौम्य!

डॉक्टर : नोंदीची एक भाषा असते.

सिस्टर : असते ना. सारवासारवीचीसुद्धा असते.

डॉक्टर : हे बघा, अकराशे ग्रॅमचं बाळ. नसा म्हणजे दोरे. सुई नसेतून सरकते, पाणी बाहेर मांसात जातं. जगात सगळीकडे होतं. तुम्हाला मी सांगायचं?

सिस्टर : होतं. सव्वीस वर्षं बघतेय. पहिल्या अर्ध्या तासात दिसलं तर सुई काढायची, हात उंच धरायचा, संध्याकाळपर्यंत उतरतो. आपल्याला कधी दिसलं?

डॉक्टर : लक्षात आल्याबरोबर बंद केलं. तसंच लिहा. ‘लक्षात येताच’.

सिस्टर : ‘लक्षात येताच’. हं. ...खोडलं.

डॉक्टर : अहो!

सिस्टर : तासातासाचा तक्ता वाचू का? वाचतेच. आठ वाजता, जागा ठीक. नऊ, जागा ठीक. दहा, जागा ठीक. अकरा, ठीक. बारा, ठीक. एक, ठीक.

डॉक्टर : मग? नोंद तर आहे.

सिस्टर : दोन वाजता, जागा ठीक.

डॉक्टर : दाखवा इकडे.

सिस्टर : घड्याळात सव्वा झालाय, डॉक्टर. दोन वाजायचेत अजून.

डॉक्टर : ही... ही त्या नव्या सिस्टरची अक्कल. आजच्या आज तिला इथून हलवतो मी. बेजबाबदारपणाची हद्द आहे. सकाळी येऊन दिवसभराचं भरून ठेवते?

सिस्टर : ती कपड्यांच्या खोलीत तोंड दाबून रडतेय. सात बाळं एकटीच्या गळ्यात. तिला हे शिकवलं कुणी, विचारा.

डॉक्टर : कुणी?

सिस्टर : मी. ‘आठलाच सगळे रकाने भरून टाक गं, म्हणजे हात मोकळे.’ असं, हसत हसत. मला माझ्या वरच्या बाईनं शिकवलं होतं, तीही हसत होती.

डॉक्टर : हे इथे बोललात ते बोललात. बाहेर नको.

सिस्टर : आणि हातावरची पट्टी? ती कुणाची अक्कल?

डॉक्टर : आता ते कशाला?

सिस्टर : सकाळी नऊला पाहुणे येणार होते. नवीन विभाग बघायला, फोटो काढायला. तुम्ही म्हणालात, चिकटपट्ट्यांची भेंडोळी बरी दिसत नाहीत, हात नीट गुंडाळून घ्या. मी गुंडाळला. कोपरापासून बोटांपर्यंत, कडा आत दुमडून. पाहुणीण म्हणाली, अगदी बाहुली! तुम्ही हसलात. मीपण हसले. आणि सुईची जागा काही कुणाला दिसेना.

डॉक्टर : पण सलाइनचा पंप वाजला असता ना! अडथळा आला की पंप वाजतो.

सिस्टर : पंप ढकलत राहतो. नसेत जातंय का मांसात, त्याला काय कळतंय? बारा वर्षांपूर्वी याच खोलीत हेच सांगितलं होतं तुला. पहिली सुई लावताना लटपटत होतास, मनगट मी धरलं होतं.

डॉक्टर : अहो-जाहो संपलं वाटतं.

सिस्टर : सुटलं तोंडातून. किळस आली की माझं असंच होतं.

डॉक्टर : माझी किळस?

सिस्टर : मघापासून तुमचीच वाटत होती. आता हा तक्ता हातात धरवत नाही. खाली माझीच सही आहे, सातही रकान्यांना मिळून एक.

डॉक्टर : बरं. ऐका. त्या फुगलेल्या भागात औषध टोचून झालंय. त्वचेचे सर्जन चारला येतायत. तोवर हात परत गुंडाळा, सैल. आई दीडला दूध घेऊन येईल तेव्हा तिला एवढंच सांगा, सुईची जागा बदलली.

सिस्टर : एवढंच.

डॉक्टर : आत्ता सांगितलं तर दूध आटेल तिचं. बाळाचंच नुकसान.

सिस्टर : वा! सकाळी फोटोची काळजी, दुपारी दुधाची. जीव आहे हो तुमचा त्या पोरीवर.

डॉक्टर : टोमणे नकोत. आणि बाराच्या रकान्यात ‘सूज दिसली, सलाइन बंद’ एवढं घाला. जागा आहे तिथे.

सिस्टर : जागा आहे. लिहिणारा हात नाही. हं, माझी नोंद झाली, ऐका. ‘सकाळी पावणेनऊला हात पूर्ण गुंडाळला. त्यानंतर सव्वाबारापर्यंत सुईची जागा कुणीही उघडून पाहिली नाही. तक्त्यातल्या नोंदी आठ वाजताच भरलेल्या. सव्वाबाराला पट्टी ओली लागली म्हणून सोडली.’ पुढे हाताचं वर्णन, जसं आहे तसं. खाली मी सही केली. शेजारची जागा तुमची.

डॉक्टर : सिस्टर, यानं तुमची नोकरी जाईल.

सिस्टर : पेन घ्या. चालतंय आता.

(आई आत येते. हात कोपरापर्यंत धुतलेले, ओले; एका हातात झाकणाची वाटी.)

आई : सिस्टर, बघा तरी! पंचवीस मिली! सकाळी बारा काढताना डोळ्यांपुढे तारे चमकले होते. पैलवानबाईंना म्हणावं, आज पोट फुटेस्तोवर... काय झालं? दोघं असे काय उभे?

डॉक्टर : या, ताई. विशेष काही नाही. सुईची जागा जरा...

सिस्टर : ताई, वाटी द्या इकडे. बसा त्या स्टुलावर.

आई : मी उभीच बरी.

सिस्टर : तिच्या उजव्या हातातलं सलाइन नसेबाहेर गेलं. मांसात. दोन-अडीच तास जात राहिलं. आम्ही बघितलं नाही.

डॉक्टर : म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या...

आई : तुम्ही थांबा हो जरा. सिस्टर, मी साडेदहाला सांगितलं होतं.

सिस्टर : हो.

आई : बोटं गार लागतात म्हणाले. पट्टीच्या कडेला मांस वर आलंय म्हणाले. मी ब्लाउज शिवते, बाही घट्ट झाली की दंड कसा वर येतो ते रोज बघते मी. तुम्ही म्हणालात, ताई, नऊ दिवसांच्या आईला सगळंच दिसतं.

सिस्टर : म्हणाले.

आई : आणि मी हसले. मला वाटलं, रागावतील, मग तिच्याकडे नीट बघणार नाहीत. म्हणून हसले हो मी! हात राहील ना तिचा?

डॉक्टर : राहील. निश्चित राहील.

आई : तुम्ही सांगा, सिस्टर.

सिस्टर : हात राहील. वरची कातडी राहते का काळी पडते, ते परवापर्यंत कळेल. पडली तर दुसरीकडची कातडी लावावी लागेल, आणि व्रण राहील. बोटं आत्ता दोन हलतायत.

आई : कोणती दोन?

सिस्टर : अंगठा आणि त्याच्या शेजारचं.

आई : कात्री धरायची.

डॉक्टर : ताई, तुम्हाला हे सगळं एकदम ऐकून... थोडं पाणी घ्या. सर्जन चारला येतायत.

आई : मला दाखवा.

डॉक्टर : आत्ता नको. त्रास होईल तुम्हाला.

आई : तिला होतोय तेवढा?

सिस्टर : या अशा बाजूनं. झाकण उघडत नाही, या खिडकीतून बघा. हात लावायचा तर बोटांच्या टोकांना, वर नाही.

आई : शी! काय करून ठेवलंत हो. एवढासा हात. माझ्या अंगठ्यापेक्षा मोठा झालाय. कसली माणसं तुम्ही! रडली असेल ना ती?

सिस्टर : रडली असेल. तोंडात श्वासाची नळी आहे, आवाज येत नाही.

आई : हे कुठे लिहिलंय का?

सिस्टर : लिहिलंय. ते बघा, कागद तिथेच आहे. माझी सही आहे. डॉक्टरांची व्हायची आहे.

आई : हं. करतील ते. मी आहे इथे चारपर्यंत.

डॉक्टर : ताई, दुपारची दीड ते पावणेदोन एवढीच वेळ असते आईंची.

आई : असू दे. सिस्टर, आता सलाइन कुठून चाललंय?

सिस्टर : डाव्या पायातून.

डॉक्टर : ते अगदी व्यवस्थित चाललंय. त्याची चिंता नको.

आई : त्या पायातला मोजा काढा तिचा.