उत्तरेच्या भिंतीचा गिलावा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा डॉ. मधुमती बापट, व्यासपीठावर विराजमान असलेले सत्कारमूर्ती श्री. गोपीनाथ दातार सर आणि सौ. सरितावहिनी, आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि दम्मामहून दीड-दोन तास गाडी चालवत खास हुफूफला आलेल्या बंधुभगिनींनो,

मी सुशांत. सरांच्या हाताखाली सहा वर्षं साइट इंजिनियर आहे. माझ्याबद्दल दोन वाक्यं बोल आणि किल्ल्याबद्दल हवं तितकं बोल, असं सरांनी मला बजावलं आहे. तेव्हा किल्ल्यापासूनच सुरुवात करतो. सर त्यात येतीलच, त्याला माझा इलाज नाही.

खजुराच्या बागांपलीकडचा तो मातीचा किल्ला आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिला आहे. पाचशे वर्षांपूर्वी कुण्या अमिरानं तो बांधला. पुढे तिथे फौज राहिली, मग धान्याचं कोठार झालं, आणि शेवटची तीस वर्षं कबुतरांखेरीज कोणी फिरकलं नाही. अशा जागेत आधुनिक कलेचं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा या मातीत चित्रं बघायला कोण जाणार, असं आपल्याच मंडळींनी विचारलं नव्हतं का? आज तिथे शनिवारी तिकीट मिळत नाही. आणि त्या किल्ल्याच्या डागडुजीचा प्रमुख नाशिकचा एक मराठी माणूस होता, हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे.

आता एक कबुली. अध्यक्ष महोदया, ती कार्यक्रमपत्रिकेत नाही, पण आज सांगितली नाही तर मग कधी सांगणार?

मी किल्ल्यावर आलो तो जुबैलच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पातून. काँक्रीटपलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. उद्घाटनाला तीन महिने असताना सर लेकीच्या, रुचाच्या, लग्नासाठी सुट्टीवर गेले. उत्तरेच्या दालनाची भिंत वाकडीतिकडी होती आणि तिच्यावर मोठी चित्रं लागायची होती. मी ओळंबा लावला आणि सिमेंटचा गिलावा करून ती सपाट केली. सरांना फोटो पाठवला. लग्नाच्या गडबडीतून त्यांनी 'पाहतो' एवढंच कळवलं. मी ती शाबासकी समजलो!

सर परतले ते विमानतळावरून थेट साइटवर, हातात पेढ्यांचा डबा घेऊन. कलिंगड वाजवून बघावं तशी त्यांनी बोटांनी भिंत वाजवली. खालच्या हातभर भागात ती पोकळ वाजली. हुफूफच्या जमिनीत पाणी आहे. ते मातीच्या भिंतीत चढतं आणि मातीतूनच वाळून जातं. मी सिमेंट लावून त्याची वाट बंद केली होती, आणि आतली माती भिजून सुटत चालली होती. थंडीतल्या पावसापर्यंत भिंत बसली असती, आणि तिच्यावरचं खजुराच्या ओंडक्यांचं छतही.

भिंतीसमोर बोर्ड ठोकून ती झाका, उद्घाटन उरका, मग बघू, असा सल्ला देणारे निघालेच. खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. कफील, म्हणजे इथला आपला मालक, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून घरी पाठवेल, याची मला धास्ती होती. सर म्हणाले, "उद्याच्या बैठकीत हे तू सांगायचंस. मी शेजारी बसेन."

मी सांगितलं. संग्रहालयाच्या सौदी संचालकांनी सरांना विचारलं, की दुरुस्तीला आता दुसरा माणूस कोण आणता?

सर म्हणाले, "हाच करेल. चूक कुठे कुठे आहे, हे याच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

मग आम्ही हमद नावाच्या सत्तरीतल्या गवंड्यांना गळ घातली. यंत्र लावायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. छोट्या छिन्नीनं सिमेंट काढायलाच अकरा दिवस लागले. माती आणि भुसा भिजत घालून पायांनी तुडवला. साठीला टेकलेले आपले सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या गाऱ्यात उभे होते. वहिनी, त्या पँटीबद्दल मी आज जाहीर माफी मागतो. गिलावा हातानंच लिंपला. भिंत वाकडी ती वाकडीच राहिली. चित्रं छताच्या ओंडक्यांना तारेनं टांगली, आणि उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. चित्रकारांनी रागावू नये, पण लोक त्या दालनात सगळ्यात जास्त फोटो भिंतीचेच काढतात.

मातीचा गिलावा दर काही वर्षांनी नव्यानं करावा लागतो. ती पाळी यंदा आहे, आणि सर शुक्रवारच्या विमानानं कायमचे नाशिकला चालले आहेत. मला जुबैलहून परत बोलावणं आलं होतं, मोठ्या हुद्द्यावर. परवा मी नकार कळवला. सर, तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही मला जायला लावलं असतंत. मी इथेच राहतोय. गारा रविवारीच भिजत घातला आहे.

मंडळानं पाच मिनिटं दिली होती, मी दुप्पट घेतली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर लहान समजून पोटात घाला.

सर, गुरुवारी सकाळी सात वाजता हमदचाचा येणार आहेत. तुम्ही या. पहिला पाय तुमचा पडू दे, मग मी तुडवतो.