रुचिका वर्गातून उठत नाही

कोणीतरी या पोरीला शिकवलंय! तुम्हाला सांगते, सहा वर्षांची पोरगी आपणहून दहा ते पाच लघवी दाबून बसत नाही, हे कोणाचं तरी काम आहे, आणि तो जो कोणी असेल त्याला मी सोडणार नाही...

लाखांदूरकडच्या एका शाळेत मी पहिलीला शिकवते, दोनच महिने झालेत, आणि आल्या आल्या ठरवलं, बाराखडी नंतर, आधी शरीर. पोटात कावळे ओरडले की भूक, घसा सुकला की तहान, ओटीपोट जड झालं की सरळ उठून जायचं, विचारायचंसुद्धा नाही. तर वर्गातला मुन्ना तासात चारदा उठला. 'मॅडम, पोट बोलून राहिलं.' काय बोलून राहिलं रे? 'बाहेर चाल म्हनते.' आता संशय येणारच ना?

पण रुचिका एकदाही नाही. पाय आवळते, ओठ चावते, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, विचारलं की 'नाही लागली, मॅडम.' आणि परवा पोट धरून रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, दाबून ठेवल्यानं लघवीत जंतू झालेत, असंच चाललं तर मूत्रपिंडापर्यंत जाईल. सहाव्या वर्षी! शाळेचा संडास साफ, कडी धड, पाणी भरलेलं. मग संशय येणारच ना?

गेले तडक तिच्या आईकडे, बांधीवर. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी चालू, बाया ओळीनं चिखलात वाकलेल्या. म्हटलं, पार्वताबाई, तुम्ही लघवीला मध्ये उठता का? 'रोवण्यात कोन उठते, बाई? एक उठली का सारी रांग अडते.' सापडली! म्हटलं, म्हणजे तुम्हीच शिकवलं. तर कंबर सरळ करून माझ्याकडे असं बघितलं... 'मी कायले शिकवीन? घरी तं धा डाव जाते ते. शाळेतच का होते तिले, तुमीच पाहा.'

शाळेत? मी तर दहा ते पाच पोरांना सोडून जागची हलत नाही, माझ्या डोळ्यांदेखत कोण शिकवणार? उरल्या खिचडीवाल्या शकुनबाई, दिवसभर संडासासमोरच बसतात, दटावत असतील, संशय येणारच ना? म्हटलं, खरं सांगा, रुचिकाला काय बोललात?

त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. 'मी काय बोलू? कालच इचारलं तिले, काहून जात नाही वो? तं म्हने, मोठ्यायले जा लागत नाही, आमच्या मॅडम सकाळपासून एक डाव बी नाही जात.'