करिष्माच्या मातीवरची प्रार्थना

(गडचिरोलीच्या जंगलातलं गाव. प्रार्थनेच्या झोपडीबाहेर तिघं : बल्लारपूरहून आलेले पाळक प्रणित, मंडळीतली विधवा सोमारी आणि दीपाली, जिची लेक मागच्या आठवड्यात तापानं गेली.)

प्रणित : म्हणून म्हणतो सोमारीबाई, रविवारी सगळ्यांसमोर चूक झाली म्हणा. विषय संपेल.

सोमारी : कोनती चूक, पाळकसाहेब? नाल्याले पूर होता. तुमाले फोन लावला, त तुमी म्हनलं येनं होत नाई. पोरीले तसंच ठेवाचं होतं का?

प्रणित : मंडळीतले बुधूभाऊ होते ना. बाकीचे पुरुष होते.

सोमारी : बुधूभाऊ दार लावून बसले. गावानं बजावलं होतं, येशूवाल्याइची माती आमच्या जागेत नाई. हिचा नवरा तिकडं तेलंगण्यात कामावर. आमी दोघीनंच हिच्या वावराच्या धुऱ्यावर खड्डा खनला.

प्रणित : खड्ड्याला कोण चूक म्हणतंय? तुम्ही उभं राहून वचन सांगितलं, आशीर्वाद दिला. तो तुमचा अधिकार नाही. बाईनं मंडळीत गप्प राहावं, असं बायबलात पौलानं स्पष्ट लिहिलंय.

सोमारी : त्याच पौलानं फिबी नावाच्या बाईले मंडळीची सेविका म्हनलं. तुमीच वाचाले शिकवलं मले, तवा दाखवलं होतं. अन् परभू मरनातून उठला ते पयले कोनाले सांगितलं? मरीयेले. बाकीचे शिष्य दार लावूनच होते.

प्रणित : निरोप नेणं वेगळं, मंडळी चालवणं वेगळं. हा नियम माझा नाही, बाई. वरचे लोक मला जाब विचारतात.

दीपाली : साहेब, एक विचारू?

प्रणित : विचार ना.

दीपाली : सोमारीबाईले अधिकार नव्हता म्हनून राह्यले तुमी. मंग तिची प्रार्थना वर गेलीच नाई का? माही करिष्मा कुठी हाय मंग?

प्रणित : असं नको बोलू गं. लेकरू प्रभूजवळच आहे.

दीपाली : म्हंजे आयकली त्यानं.

प्रणित : ...ऐकली.

दीपाली : बाईचीच आयकली ना?

प्रणित : दीपाली, मी आता आलोय. कबरीवर नीट प्रार्थना करतो, तुझ्या मनाला बरं वाटेल. चला.

दीपाली : नाई.

प्रणित : काय नाही?

दीपाली : तिले एकदा निजवलं. तुमी परत म्हनान त मले जलमभर वाटन, इतके दिवस पोर उघडीच पडून होती.

सोमारी : राहू दे, माय. साहेब, माफी मी मांगत नाई. पन रविवारी समोर उभी नाई राहत. तुमी चालवा.

प्रणित : मला महिन्यातून एकदाच जमतं. बाकीचे रविवार बुधूभाऊ चालवतील.

सोमारी : त्याइले वाचता येत नाई.

प्रणित : तुम्ही शेजारी बसा. हळू आवाजात वाचा. ते मोठ्यानं म्हणतील.

सोमारी : ...बरं.

दीपाली : बाई, मी तुह्या बाजूले बसन. मले तिथून तुहाच आवाज आयकू येते.