पाण्यात उभं राहून ‘थांबा’ म्हणणारा शांतवन

मंडळी, एक विचारतो. मनात शंका असलेल्या माणसानं देवाला ‘हो’ म्हणावं का? मान डोलवू नका — आधी ऐका!

प्रवरेच्या काठी एक गाव. बाप्तिस्म्याचा दिवस. थंडी अशी की दात वाजावेत! कमरेएवढ्या पाण्यात उभा शांतवन, विशीतला पोरगा. शेजारी पाळकसाहेब — एक हात त्याच्या पाठीला, दुसऱ्या हातात त्याचं मनगट. काठावर सारी मंडळी, आणि त्याची विधवा आई सगुणाबाई.

पाळकसाहेबांनी विचारलं, “प्रभू येशूवर तुझा विश्वास आहे का?”

वडिलांच्या आजारपणात शांतवननं गुडघे टेकून किती प्रार्थना केल्या! वडील गेले. आता ‘हो’ म्हणावं तर खोटं. ‘नाही’ म्हणावं तर चारचौघांत आईची मान खाली!

“थांबा,” तो म्हणाला. “मला खात्री नाही.”

झालं! काठावरून एक काका ओरडले, “बुडवा हो त्याला! वर येईपर्यंत पटेल खात्री!”

हसताय? पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात काढून घेतले. “धरून ठेवलेल्याचा होकार मला नको. जा बाळा. मी इथंच आहे.”

अन् राहिले की उभे — त्या गार पाण्यात!

शांतवन काठावर आला. आईनं अंगावर घोंगडी टाकली.

“रागावलीस, आई?”

“पाय पूस आधी.”

“कसं हो म्हणू? त्यानं माझं ऐकलं नाही.”

“माझं तरी कुठं ऐकलं? रोज भांडते त्याच्याशी. का नेलंस म्हणून.”

“उत्तर देतो?”

“छे!”

“मग कशाला भांडतेस?”

“दुसऱ्या कुणाशी भांडू? तुझे वडील त्याच्याकडेच आहेत ना!”

इतके दिवस शांतवनही मनातल्या मनात जाब विचारत होता — कुणाला?

आता मनगट मोकळं होतं. घरची वाटही मोकळी होती. त्यानं घोंगडी आईच्या हातात दिली आणि पाण्यात उतरला.

“खात्री पटली?” पाळकसाहेबांचे ओठ निळे पडलेले!

“नाही. पण त्याच्याशी बोलणं तोडायचं नाही मला. माझा होकार आहे.”

“मग ये की लवकर! गारठलो मी!”

मंडळी, देवाला त्याला ओढून आणता आलं नसतं? आलं असतं! पण तो थांबला. आणि आपण? पोरांना दंडाला धरून प्रार्थनेला बसवतो, डोळे मिटले का बघतो, अन् सांगत फिरतो — आमचं घर विश्वासात आहे! आज घरी जा. लेकराला विचारा, तुला खरं काय वाटतं? ‘खात्री नाही’ म्हणालं, तर बायबलचं वचन पाठ करायला लावू नका. जवळ बसा — आणि त्याचं बोलणं पुरतं ऐका!