बठ्ठं नवं शे

आमच्या आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, धुळ्याचं ते सांगितलंय का मी तुम्हाला? नव्वदच्या आसपासची गोष्ट. फैजपूरला केळीच्या शेडमध्ये पडून असलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आमच्या ह्यांनी जीव लावून चालती केली आणि धुळ्याच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत, नवख्यांच्या गटात लावली. गाडी जितकी मूळची, तितके गुण जास्त. म्हणून ह्यांनी भेगाळलेली सीटसुद्धा बदलली नव्हती.

परीक्षक आले, तेव्हा नेमके हे पाणी आणायला गेलेले. गाडीपाशी मी आणि आबा.

"सीट मूळचीच का?" परीक्षकांनी विचारलं.

मुलाच्या गाडीला कोणी जुनी म्हणावं, हे आबांना कसं चालेल? "नही हो साहेब, नवी शे."

"आणि रंग?"

"बठ्ठं नवं शे!"

बठ्ठं, म्हणजे सगळंच! आता गुणही सगळे गेले, असं मी धरूनच चालले. परीक्षकांनी सीटच्या भेगांवरून बोट फिरवलं आणि हसून विचारलं, "आबा, मग जुनं काय आहे?"

"काहीच नही. मना दात बी नवाच शेतस!"

दुसरं बक्षीस मिळालं. कप मांडीवर घेऊन आबा मला हळूच म्हणाले, "सूनबाई, मी नवी सांगी म्हनीसन भेटनं, बरं!"